जिनिव्हातील हिशेब आणि बीडचा कापूस

कापूस पिकवणाऱ्याचे भवितव्य पाऊस आणि बोंडअळी ठरवतात, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या कापसाचा भाव आज ज्या निर्णयांनी हलतो, त्यांतील काही दिल्लीत आणि काही त्याहून दूर, जिनिव्हा येथे घेतले जातात. त्यांतील दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्यांतील विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी समितीपुढे असा आक्षेप दाखल केला की, भारत आपल्या कापूस उत्पादकांना मान्य मर्यादेच्या कित्येक पट साह्य देतो आणि कागदावर मात्र ते फार कमी दाखवतो. पुढे सात वर्षे लोटली नाहीत तोच, १९ ऑगस्ट २०२५ पासून, भारत सरकारने विदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते रद्द केले. ही सवलत प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती. नंतर ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. मराठवाड्यात कापसाची वेचणी आणि विक्री चालते ते नेमके हेच महिने. एका दरबारात ज्या शेतकऱ्यावर अतिलाड होत असल्याचा आरोप ठेवला गेला, त्याच्याच डोक्यावरचे छत्र दुसऱ्या दरबारात काढून घेतले गेले. दोन्ही ठिकाणी त्याला कोणी विचारले नाही.

हा विरोधाभास केवळ नशिबाचा नाही. तो एका हिशेबाच्या पद्धतीतून आला आहे आणि ती पद्धत सुशिक्षित वर्गाने समजून घेणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय करार हा तज्ज्ञांचा विषय आहे, असे म्हणून आपण तो बाजूला सारतो आणि मग त्याचे परिणाम मात्र निमूटपणे सोसत राहतो.

शून्याचा इतिहास

उरुग्वे फेरी म्हणून ओळखल्या गेलेल्या वाटाघाटी १९८६ मध्ये सुरू झाल्या. १९९१ च्या अखेरीस आलेल्या डंकेल प्रस्तावाने आपल्याकडे मोठे वादळ उठवले होते, ते अनेकांना आठवत असेल. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून शेतीविषयक करार अमलात आला. या कराराने सरकारी साह्याचे प्रकार पाडले. संशोधन, शिक्षण, आपत्तीनिवारण, उत्पादनाशी संबंध नसलेले थेट अनुदान हे निर्दोष मानले गेले. त्यावर मर्यादा नाही. जे साह्य भावाशी किंवा उत्पादनाशी बांधलेले, ते सदोष ठरले. विकसनशील राष्ट्राने असे साह्य एखाद्या पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच द्यावे, असा दंडक झाला. प्रगत राष्ट्रांसाठी हे प्रमाण ५ टक्के आहे.

वरवर पाहता ही व्यवस्था आपल्याला अनुकूल वाटते. तथापि तिच्यात एक मोठी मेख आहे. करार होण्यापूर्वी ज्या राष्ट्रांनी शेतकऱ्यांना भरमसाट साह्य दिले होते, त्यांना ते काही प्रमाणात घटवून उरलेले पुढेही देण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेचा हा हक्क वर्षाला सुमारे १,९१० कोटी डॉलरचा आहे. भारताचा हक्क शून्य आहे, कारण १९८६ ते १९८८ या आधारकाळात भारताने आपल्या शेतकऱ्याला पिकावर साह्य दिलेच नव्हते. उलट निर्यातबंदी, लेव्ही आणि जिल्हाबंदी यांच्या योगे त्याला जागतिक भावापेक्षा कमी भाव मिळेल, अशीच व्यवस्था केली होती. हिशेब मांडला तेव्हा आकडा उणे आला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘उणे सबसिडी’ या शब्दाने हेच वास्तव महाराष्ट्राच्या गळी उतरवले. ते स्वतः खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

म्हणजे निष्पन्न काय झाले? ज्याने काल भरपूर वाटले, त्याला आज वाटण्याचा परवाना मिळाला. ज्याने काल आपल्याच शेतकऱ्याला नाडले, त्याला आज त्याची भरपाई करण्याचीही मुभा उरली नाही. बापाने पोराला उपाशी ठेवले म्हणून पुढे पोटभर वाढायचे नाही, असा न्याय कोणत्याही पंचायतीत टिकला नसता. आंतरराष्ट्रीय करारात तो टिकला.

जाहीर भाव आणि मिळालेला भाव

दुसरी मेख गणिताची आहे. सरकारने जाहीर केलेला हमीभाव आणि १९८६ ते १९८८ या वर्षांचा सरासरी जागतिक भाव यांतील फरक काढायचा, त्यास पात्र उत्पादनाने गुणायचे आणि येणारी रक्कम ‘साह्य’ म्हणून लिहायची, असे हे सूत्र आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या पिकाचा त्या काळचा भाव क्विंटलला १,००० रुपये होता आणि आजचा हमीभाव ४,००० रुपये आहे. देशात १०० क्विंटल पीक आले; त्यांपैकी सरकारने ५ क्विंटल विकत घेतले. भारताच्या पद्धतीने फक्त खरेदी केलेला माल पात्र धरला, तर साह्य १५ हजार रुपये, म्हणजे ४ लाखांच्या पिकाच्या पावणेचार टक्के होते. अमेरिकेच्या पद्धतीने सगळेच पीक पात्र धरले, तर तेच साह्य ३ लाख रुपये, म्हणजे ७५ टक्के होते. आज जागतिक बाजारात त्या पिकाला ४,२०० रुपये भाव असेल, म्हणजे शेतकऱ्याला वस्तुतः एका पैशाचेही साह्य नसेल, तरी सूत्राला त्याची दखल नाही. चाळीस वर्षांची महागाई त्याच्या लेखी सरकारी औदार्य ठरते. भारत हा हिशेब डॉलरमध्ये मांडतो, अमेरिका तो रुपयात मांडावा म्हणते. त्या काळी डॉलर तेरा रुपयांच्या आसपास होता, हे लक्षात घेतले म्हणजे या वादाचे मर्म कळते.

अमेरिकेने आक्षेपात २०१०-११ पासूनच्या हंगामांचा हिशेब मांडला होता. त्याच हंगामात, मार्च २०११ मध्ये, जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. हमीभाव मागण्यास कोणी गेलेच नाही, अशी ती वेळ होती. उलट सरकारने त्या हंगामात निर्यातीवर मर्यादा घातली आणि पुढच्या हंगामात, ५ मार्च २०१२ रोजी, निर्यात काही काळ बंदच केली. शेतकऱ्याच्या खिशातून गेलेली ही रक्कम जिनिव्हाच्या वहीत कोठेच वजा होत नाही.

आता बीडकडे वळू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला. पण जाहीर झालेला भाव आणि हाती पडलेला भाव यांत मोठे अंतर असते. भारतीय कापूस महामंडळाचे केंद्र ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या मालाला पूर्ण भाव देते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते आणि त्यापुढचा माल परत करते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जी अतिवृष्टी कोसळली, तिच्यात सिंदफणा आणि गोदावरीच्या काठची उभी कपाशी पाण्यात गेली. अशा वर्षी ८ टक्क्यांची अट पाळणार कोण? त्यातच सातबारावरील पीकनोंद, आधार, मोबाईलवरील नोंदणी आणि पाळीची वाट. ज्याला बी-बियाणे आणि खत उधारीवर मिळालेले असते, ज्याला दिवाळीच्या आधी रोख रकमेची निकड असते, तो पहिल्या वेचणीचा कापूस गावातल्या खेडा खरेदीत काट्यावर घालून मोकळा होतो. तेथे हमीभावाचा कायदा चालत नाही.

महामंडळाने २०२४-२५ च्या हंगामात सुमारे १०० लाख गाठींची खरेदी केली, ही गोष्ट नमूद करणे न्याय्य होईल. तरीही तो देशातील उत्पादनाचा साधारण तिसरा हिस्साच होता. उरलेल्या दोन तृतीयांश कापसाने सरकारी काटा पाहिलाच नाही. जुन्या पिढीला १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना आठवत असेल. तिच्यात दोष पुष्कळ होते. चुकारे रखडत, तोटा वाढत गेला आणि या शतकाच्या आरंभी तो एकाधिकार संपला. पण त्या योजनेत भाव जाहीर करणारा आणि माल घेणारा एकच होता. आज या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या आहेत. सरकारची घोषणा साऱ्या कापसासाठी असते. खरेदी त्यातल्या थोड्यासाठी. अमेरिकेचा आक्षेप घोषणेवर उभा आहे आणि बीडचा शेतकरी खरेदीच्या रांगेत उभा आहे.

देण्याच्या दोन रीती

अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला काय देते, हेही पाहिले पाहिजे. २००१-०२ मध्ये तेथील सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना ३९० कोटी डॉलरच्या आसपास साह्य मिळाल्याचा अंदाज ऑक्सफॅम या संस्थेने प्रसिद्ध केला होता. त्या साह्याविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली आणि २००५ मध्ये ती अपिलातही जिंकली. परंतु अमेरिकेने साह्य बंद करण्याऐवजी ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेलाच वर्षाकाठी १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याची तडजोड केली आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. श्रीमंत राष्ट्राला नियम मोडण्याची किंमत मोजता येते. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब राष्ट्रांनी २००३ मध्ये कानकुन परिषदेपुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते. त्यांच्यापाशी ब्राझीलचे बळ नव्हते. त्यांच्या हाती अशी भरपाई पडली नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेने सरकीसह कापसाला आपल्या भाव-संरक्षण योजनेत पुन्हा घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये भारताविरुद्ध आक्षेप नोंदवला. जुलै २०२५ मधील कायद्याने या योजनेतील संदर्भ-भाव पौंडाला ४२ सेंट झाला. ८७ रुपयांच्या डॉलरने हिशेब केला, तर तो क्विंटलला ८ हजार रुपयांच्या थोडा वर जातो. आपला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये! म्हणजे दोन्ही देशांनी धरलेली भावाची पातळी जवळजवळ एकच. फरक रीतीचा आहे. तेथे सरासरी भाव या पातळीखाली गेला की फरकाची रक्कम जुन्या नोंदीच्या क्षेत्रानुसार थेट शेतकऱ्याला मिळते आणि जिनिव्हाच्या हिशेबात फक्त तेवढी रक्कम लिहिली जाते. आपण भाव जाहीर करतो, तो थोड्यांनाच पोचवतो आणि आरोप मात्र सबंध पिकाचा ओढवून घेतो.

साखरेचा निकाल

ही भीती काल्पनिक नाही, हे साखरेच्या प्रकरणाने दाखवून दिले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताविरुद्ध तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ रोजी निवाडा समितीने भारताविरुद्ध अहवाल दिला. उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे ज्याला आपण एफआरपी म्हणतो, ती १० टक्क्यांची मर्यादा ओलांडते आणि साखरेच्या निर्यातीस दिलेले साह्यही नियमबाह्य आहे, असे समितीने म्हटले. एफआरपीचे पैसे सरकार देत नाही, कारखाना देतो, हा भारताचा युक्तिवाद समितीला पटला नाही. तिजोरीतून दमडी न जाताही सरकारी साह्य घडू शकते, हा या निकालाचा अर्थ आहे.

या निकालाचे बीडशी नाते दुहेरी आहे. जिल्ह्यात ऊस आहे. पण त्याहून अधिक आहेत ते ऊस तोडणारे हात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज येथील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. त्यांतील अनेकांचा एखादा-दीड एकर कापूस गावी असतो आणि गाडी निघण्यापूर्वी तो मिळेल त्या भावाला विकावा लागतो. उसाच्या भावावर जिनिव्हात वाद झाला; तोडणीच्या मजुरीचा तेथे प्रश्नच आला नाही. उत्पादकाला किती मिळाले, एवढेच ती वही विचारते. घाम कोणाचा गळला, हा तिचा विषय नव्हे.

करार मोडून काय मिळेल?

इतके वाचल्यावर एखादा तरुण वाचक म्हणेल, मग अशा संघटनेतून बाहेरच पडावे. हा उपाय सोपा वाटतो. तो घातक आहे. नियम विषम आहेत हे खरे, पण नियमच नसतील तर बळी तो कान पिळी हाच एक नियम उरतो. याची चुणूक आपण पाहिली आहे. अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून संघटनेचे अपील मंडळ ठप्प झाले. साखरेच्या निकालावर भारताने जानेवारी २०२२ मध्ये केलेले अपील त्यामुळे ऐकणारे कोणी उरले नाही. आपल्यापुरता निकाल लांबला, याचे समाधान मानण्यासारखे नाही. कारण जेव्हा आपण फिर्यादी असू, तेव्हाही तो दरवाजा असाच बंद असेल. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत जकात लादली, ती कोणत्या निवाड्याने नव्हे, केवळ आपल्या बळावर. कापड उद्योगाला तो तडाखा बसला. त्याला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून कापसाचे आयातशुल्क उठले. वॉशिंग्टनहून निघालेला धक्का अशा रीतीने माजलगावच्या कापसापर्यंत पोचला.

गिरण्यांची अडचण खरी होती, हे मान्य केले पाहिजे. सूतगिरणीत आणि शिलाई कारखान्यात काम करणाराही गरीबच असतो. परंतु जागतिक व्यापार संघटनेने भारताला शुल्क उठवण्यास सांगितले नव्हते. कापसावर आपण स्वीकारलेली शुल्काची कमाल मर्यादा ११ टक्क्यांहून कितीतरी वर आहे. म्हणजे नियमांनी जेथे आपले हात मोकळे ठेवले आहेत, तेथेही आपण उद्योगाला सावरण्याचा भार शेतकऱ्याच्या भावावर टाकला. उणे सबसिडीची ती जुनी सवय अद्याप गेलेली नाही.

आपल्या हातातील गोष्टी

मग करावे काय? जिनिव्हात भारताने १९८६-८८ चा गोठवलेला संदर्भ-भाव बदलावा, ही मागणी लावून धरलीच पाहिजे. २०१३ मध्ये बाली येथे मिळालेली सवलत अन्नधान्याच्या साठ्यापुरती आहे. कापूस आणि ऊस तिच्या बाहेर आहेत. कोरडवाहू नगदी पिकावर जगणारा शेतकरी गव्हाच्या शेतकऱ्याहून अधिक सुरक्षित आहे, असे कोण म्हणेल? या मागणीत आफ्रिकेतील कापूस उत्पादक राष्ट्रे आपली स्वाभाविक मित्र आहेत. मात्र साखरेसारख्या मालाला निर्यात-साह्य देऊन आपण त्यांच्यासारख्या दुबळ्यांचा बाजार बिघडवणार असू, तर ती मैत्री टिकणार नाही.

पण सगळे काही जिनिव्हावर सोपवून चालणार नाही. हमीभावाखाली झालेल्या विक्रीतील फरक थेट शेतकऱ्याला देण्याची रीत कराराच्या हिशेबात सोयीची आहे, कारण तेथे प्रत्यक्ष दिलेला पैसा मोजता येतो. आणि ती शेतकऱ्यालाही सोयीची आहे, कारण तिला केंद्राच्या रांगेची गरज नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले होते. ही रक्कम तुटपुंजी होती, उशिराही आली. तथापि असे साह्य खात्यावर पोचवता येते, हे तीवरून सिद्ध झाले. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना राबवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याच्या तक्रारी झाल्या. तो धडा घेऊन फरक एका मंडीच्या भावावर नव्हे, तर व्यापक सरासरीवर काढावा लागेल. संशोधन, गोदामे, ओलावा मोजण्याची आणि कापूस सुकवण्याची गावपातळीवरील सोय यांवर करारात मर्यादाच नाही. तेथे खर्च न करण्याचा दोष अमेरिकेवर ढकलता येणार नाही. आणि आयातशुल्काचा निर्णय वेचणीच्या तोंडावर, शेतकऱ्याला अंधारात ठेवून घेतला जाऊ नये, एवढी अपेक्षा तर कोणत्याही कराराच्या आड येत नाही.

जगाने आपल्याशी न्यायाने वागावे, असे म्हणण्याचा अधिकार त्याच राष्ट्राला पोचतो, जे आपल्या घरात न्यायाने वागते. बीडच्या शेतकऱ्याला अमुक एक भाव मिळतो, असे गृहीत धरून परका देश आपल्यावर आरोप करतो. त्या आरोपाला सर्वांत परिणामकारक उत्तर वकिली युक्तिवादाचे नाही. जो भाव आपण जाहीर करतो तो शेवटच्या काट्यापर्यंत पोचवावा आणि मग जगापुढे ताठ मानेने हिशेब मांडावा. आज आपल्यावर ठपका आहे तो न दिलेल्या दानाचा. निदान ठपका यायचाच असेल, तर तो दिल्याबद्दल तरी यावा.